तुफानला पूर्ण मॅच खेळवा

११ नोव्हेंबर, सकाळ
वीट आला. काल आपलं कॉलेज जिंकलं, तरी वीट आला. जिंकण्यालाही काही रीतभात असते की नाही? पहिल्या हाफमध्ये तुफानने समोरच्यांची दाणादाण उडवली. आणि दुसऱ्या हाफमध्ये? बेंचवर. गुडघ्यावर बर्फाची पिशवी, अंगावर टॉवेल, बाळंतिणीसारखा बसवून ठेवला होता पोराला. बाकीच्यांनी रडतखडत मॅच काढली. याला बास्केटबॉल म्हणायचं आणि याला कोचिंग म्हणायचं.

कोच म्हणजे आमचे मेहुणे. हिचे थोरले बंधू. पण मी नातं बघून मत बनवणारा माणूस नाही.

निश्चय: या सीझनला कॉलेज बास्केटबॉल संपूर्ण बंद. संध्याकाळी रोज चालायला जायचं.

११ नोव्हेंबर, दुपार
प्रिंटिंगचं दुकान म्हणजे कधी मरणाची घाई, कधी माश्या. आज माश्या. म्हणून कॉलेजच्या मॅच दाखवणारं ते इंटरनेटवरचं चॅनल उघडलं. फक्त किती खालच्या थराला गेलेत ते बघायला. चॅनलवाला टायरच्या दुकानावरच्या खोलीत बसतो आणि कॅमेऱ्यासमोर बोंबलतो. तुफानला आज 'शतकातला खेळाडू' करून टाकला. पोरगं सेकंड इयरला आहे, अजून धड मिशी फुटलेली नाही. या हाईपची मला किळस येते. कुणीतरी तारतम्याने बोलायला हवं, म्हणून खाली चार ओळी लिहिल्या: असा खेळाडू शतकात एकदाच जन्माला येतो, त्याला अर्धी मॅच बसवून ठेवणारा कोच हवाच कशाला? खाली सही, 'निष्पक्ष प्रेक्षक'.

खरं नाव मुद्दामच दिलं नाही. मुद्दा महत्त्वाचा, माणूस नाही.

१३ नोव्हेंबर
भरपूर लाइक्स. मी असल्या गोष्टी बघत नाही. सकाळपासून आणखी वाढलेत.

चालणं: उद्यापासून. बूट चावतात.

१६ नोव्हेंबर, रविवार
मेहुणे जेवायला. रविवारी येतातच. लग्न केलं नाही, जिमच्या मागे कॉलेजने दिलेल्या दोन खोल्यांत राहतात, पोरांच्या मोज्यांच्या वासात. मी सहज विषय काढला. तेव्हा म्हणाले, तुफानचा डावा गुडघा नाजूक आहे. डॉक्टरांनी बजावलंय, हे वर्ष अर्धीच मॅच. पुढच्या वर्षी हवं तेवढं खेळू दे, पण आत्ता ताणलं तर कायमचा जाईल. घरातलं म्हणून सांगतोय, बाहेर बोलू नका, समोरच्या टीमला कळलं तर त्याच गुडघ्यावर येतील.

मी गंभीरपणे मान हलवली आणि त्यांना भाजी वाढली.

पण मनाशी म्हटलं, डॉक्टर दुसरं काय सांगणार? त्यांचं पोट त्यावर. माझाही गुडघा दुखतो. मी काय दुकान अर्धा दिवस उघडतो?

२० नोव्हेंबर
हरलो. थोडक्यात हरलो, आणि तुफान बेंचवर! टीव्हीवर उशी फेकली. (बघत नव्हतो. चालू होता म्हणून नजर गेली.)

लगेच लिहिलं. जरा सडेतोड झालं. चॅनलवाल्याने ते चक्क वाचून दाखवलं, 'आपले अभ्यासू मित्र निष्पक्ष प्रेक्षक म्हणतात' असं म्हणून. ही तिथेच भाजी निवडत होती. म्हणाली, कोण हा मेला रिकामटेकडा? मी म्हटलं, लोकांच्या मताचा आदर करावा. तर म्हणे, तोंड लपवून बोलणाऱ्याचं कसलं आलंय मत. माझ्या दादाने ज्या पोराला जीव लावलाय, त्याच्यावरून दादालाच शिव्या देतायत. बायकांना खेळ आणि भावना वेगळ्या ठेवता येत नाहीत.

२४ नोव्हेंबर
कॉलेजची काही पोरं दुकानात. तुफानचा फ्लेक्स हवा, जिमच्या भिंतीएवढा. शी. एका पोराचं थोबाड भिंतीएवढं करायचं! कुठे नेऊन ठेवलाय खेळ या लोकांनी. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की भिंतीएवढा पुरणार नाही, रस्त्यावरून नाक दिसायला हवं. वाढवून घेतला. धंदा तो धंदा.

त्याच रोलचं कापड उरलं होतं. वाया कशाला घालवायचं? त्यावर लाल अक्षरात 'तुफानला पूर्ण मॅच खेळवा' छापून दिलं. हे मात्र फुकट. तत्त्वाचे पैसे घेत नाही मी.

२८ नोव्हेंबर
मॅचला गेलो. एका कोपऱ्यात, टोपी घालून. फ्लेक्स फार सुरेख दिसत होता, लाल रंग उठून आला आहे. दुसऱ्या हाफमध्ये अख्खं जिम ओरडत होतं, पूर्ण मॅच, पूर्ण मॅच. तुफान बेंचवरून कधी त्या फ्लेक्सकडे बघायचा, कधी मेहुण्यांकडे. मेहुणे पाठ करून उभे. माणूस हट्टी आहे. हिच्या माहेरी सगळेच तसे.

३० नोव्हेंबर, रविवार
मेहुणे नीट जेवले नाहीत. हीसुद्धा नाही. मी दोनदा घेतलं, कुणीतरी वातावरण सावरायला हवं.

जाताना मला म्हणाले, जावईबापू, तुमच्याच लाइनचं काम आहे, हे असले फ्लेक्स कोण छापून देतं हो? मी म्हटलं, हल्ली कुणीही कुठूनही छापतं, टेक्नॉलॉजी फार पुढे गेली आहे. ते म्हणाले, छपाई मात्र स्वच्छ आहे. बरं वाटलं. माणसाला कोचिंग जमत नसेल, पण दुसऱ्याच्या कामाची कदर आहे.

४ डिसेंबर
आजचा दिवस महत्त्वाचा. चॅनलवर निष्पक्ष प्रेक्षकाला फोनवर घेतलं! दुकानामागे जिथे शाईचे डबे ठेवतो तिथे उभा राहिलो, तोंडावर रुमाल, आवाज जाड. अत्यंत संयमाने बोललो. म्हटलं, गुडघ्याचं निमित्त सांगून हिऱ्याला पेटीत ठेवण्यात अर्थ नाही. चॅनलवाल्याने तेवढंच पकडलं. कुठला गुडघा, कुठला गुडघा? मी म्हटलं, मला काय माहीत, मी साधा प्रेक्षक. डावा असावा.

याला विश्लेषण म्हणतात.

८ डिसेंबर
समोरच्या टीमचा खेळ इतका गलिच्छ की शिसारी आली. ज्याला त्याला तुफानचा डावा गुडघाच दिसत होता. यांना कुणी सांगितलं देव जाणे. मेहुण्यांनी पहिल्या हाफच्या मधेच त्याला बाहेर काढला. तो जायला तयार नव्हता, मेहुण्यांचा हात झटकला त्याने. लोकांनी पाण्याच्या बाटल्या फेकल्या. मी फेकली नाही. माझी भरलेली होती.

संध्याकाळी हिने विचारलं, चॅनलवाल्याला गुडघा कसा कळला? दादाने तर फक्त आपल्याला सांगितलं होतं. मी म्हटलं, पत्रकारांना काय, भिंतीलाही कान असतात. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मी भिंतीकडे बघत राहिलो.

१२ डिसेंबर
कॉलेजच्या कमिटीने मेहुण्यांना काढलं. लोकमतापुढे कुणाचं काही चालत नाही. दुकानात पेढ्यांऐवजी स्वतःला एक मोठा चहा पाजला.

घरी आलो तर ही ओट्यापाशी उभी राहून रडत होती. त्या दोन खोल्याही रिकाम्या करायच्या आहेत. एवढी वर्षं काढली, आता या वयात कुठे जाईल तो, म्हणाली. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं, इथे कशाला खोटं लिहू. पण व्यक्तीपेक्षा खेळ मोठा.

१४ डिसेंबर, रविवार
कुठे जाईल याचं उत्तर मिळालं. आमच्याकडे. एक ट्रंक, एक शिट्टी आणि जुन्या बॉलने भरलेलं पोतं घेऊन माझ्या कॉम्प्युटरच्या खोलीत. आता लिहायचं कुठे? सध्या संडासात बसून लिहितो. ही म्हणते पोट बिघडलंय तुमचं, डॉक्टरला दाखवा. मेहुण्यांनी सकाळी मला गरम पाणी करून दिलं.

१८ डिसेंबर
नवा कोच म्हणजे काय चीज आहे! तरुण, कोरलेली दाढी, सतत लॅपटॉप उघडा. त्याने तुफानला शेवटपर्यंत खेळवला आणि आपण मोठ्या फरकाने जिंकलो. शेवटी माझं म्हणणं कुणाला तरी पटलं. हॉलमध्ये टीव्ही लावून बघत होतो. शेवटी शेवटी तुफान पळताना डावा पाय जरासा ओढत होता. स्टाइल आहे त्याची.

मेहुणे उठून टीव्हीजवळ गेले. "बसवा रे त्याला कुणीतरी," टीव्हीलाच म्हणाले, आणि बाहेर गॅलरीत जाऊन उभे राहिले. मत्सर. दुसरं काय?

२२ डिसेंबर
फायनल. तुफान पडला.

कुणी धक्का दिला नाही, काही नाही. उडी मारली, खाली आला आणि उठलाच नाही. चॅनलवाला आयुष्यात पहिल्यांदा गप्प झाला, मग जाहिरात लावली. मेहुण्यांनी चपला घातल्या आणि हॉस्पिटलला निघाले. ही त्यांच्याबरोबर. मी टीव्ही बंद करायला मागे थांबलो.

बहुतेक बूट हलक्या प्रतीचे असणार. कॉलेज पैसे खातं.

२३ डिसेंबर
लिहिलं: मी पहिल्यापासून सांगत होतो, पोराला जपा, घाई करू नका. तर कुणा हलकटाने माझ्याच जुन्या कॉमेंट शोधून त्याखाली एकाखाली एक चिकटवल्या. काय ही पातळी! सज्जन माणसाने बोलायची सोय उरली नाही. निष्पक्ष प्रेक्षकाचं खातं बंद केलं.

२७ डिसेंबर
चॅनलवर तुफानचं नाव नाही. फर्स्ट इयरच्या एका पोराला 'वणवा' म्हणायला लागलेत. शतकातला खेळाडू. हल्ली शतक दोन महिन्यांत संपतं.

त्याच्या वर्गातली पोरं फ्लेक्ससाठी दुकानात आली होती. मशीन बंद आहे म्हणून सांगितलं. मग चालू केलं. धंदा तो धंदा. पण रंग नीट आला नाही, हात लागेना कामाला.

मेहुणे रोज हॉस्पिटलला जातात, डबा घेऊन. डबा ही करते. माझ्याशी कामापुरतं बोलते.

१० जानेवारी
तुफान घरी आला होता. मेहुण्यांना भेटायला, कुबड्या घेऊन. पहिल्यांदाच जवळून बघितला. दारातून येताना वाकावं लागलं एवढा उंच, आणि तोंड अगदी शाळकरी पोराचं. हिने त्याच्या पायाखाली उशी दिली. मेहुण्यांनी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले? चालता येईल नीट, म्हणाला. पळणं, उड्या मारणं विसरायचं.

मग तोच खाली मान घालून बोलायला लागला. मेहुण्यांची माफी मागायची होती त्याला. फायनलच्या आधी नव्या कोचने विचारलं होतं, दुखतंय का म्हणून. तो नाही म्हणाला. दुखत होतं, आठ दिवस जिना चढवत नव्हता, तरी नाही म्हणाला.

"सर, तो निष्पक्ष प्रेक्षक होता ना, त्याचं सगळं पाठ होतं मला. वाटायचं, जो मला ओळखत पण नाही त्याला कळतं मी काय आहे, आणि माझ्याच सरांना कळत नाही."

मेहुणे त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. असू दे रे, एवढंच म्हणाले. ही माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. राग परवडला असता.

मी त्याच्या कुबड्या उचलून भिंतीला नीट टेकवून ठेवल्या. पोरगं संस्कारी, त्यालाच वाटलं असेल की मी एकटा पडलोय. माझ्याकडे वळून म्हणाला, काका, तुम्ही बघता का मॅचेस?

मी तोंड उघडायच्या आत हीच म्हणाली, "नाही रे बाळा. त्यांना खेळातलं काही कळत नाही."

मी म्हटलं, हो, नाही कळत. आणि त्याच्यासाठी पाणी आणायला आत गेलो.