शेगडीची उंची

नाशिक,
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
दिवाकरचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. फोनवर मी नुसता हूं हूं करतो म्हणून चिडून तू कागद-पेन हाती घेतलंस, ते बरंच झालं. फोन कानाला लावला की माझ्या तोंडून काही निघत नाही. कागदावर निदान हात चालतो. मनमाडहून पत्र यायला सहा दिवस लागले. मला घाई नाही.

इकडे सर्व ठीक. इराची पहिलीची परीक्षा एप्रिलमध्ये आहे. चैताली घरातलं सगळं बघते. माझं जेवणखाण वेळेवर होतं.

एक काम निघालं आहे. २६ एप्रिलला इराचा सातवा वाढदिवस. काय हवं म्हणून विचारलं, तर म्हणाली, पप्पांची शेगडी. धवलने अर्ध्या ड्रमची करून घेतली होती, ती. तू पाहिली आहेस. दर रविवारी मागच्या अंगणात तो तिच्यावर कोंबडी, कणसं, वांगी भाजायचा आणि शेजारचे कुंपणावरून ताटल्या पुढे करायचे. त्याचं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याची गाडी दारात आली आणि मी ती देऊन टाकली. का दिली ते मला सांगता येणार नाही. इराला मी दुरुस्तीला गेली आहे असं सांगितलं होतं. सात महिने ती पोर दुरुस्ती व्हायची वाट बघते आहे. तेव्हा नवी घ्यायची.

काल शरणपूर रोडच्या एका दुकानात जाऊन आलो. तिथे गोल, झाकणाची आहे. झाकणावर उष्णता दाखवणारा काटा आहे. झाकणामुळे आच आत राहते आणि जाड तुकडा आतपर्यंत शिजतो. पण पत्रा पातळ, बोटाने दाबला की आवाज करतो. दुसरी पेटीसारखी मिटणारी, सहलीला न्यायची. दोन पावसाळ्यांत वाकडी होईल. मग भद्रकालीच्या बाजारात गेलो. तिथल्या शेगड्या दणकट, पण हवा कमी-जास्त करायला सोय नाही आणि राख काढायला सगळे निखारे ओतावे लागतात. जाळी बिडाची हवी. बीड तापायला वेळ घेतं, पण तापलं की आच धरून ठेवतं. तारेची जाळी मला चालणार नाही. पत्रा जाड, निदान सोळा गेजचा हवा.

दुखवट्याचं तू लिहिलं आहेस. शेगडीचं एकदा मार्गी लागू दे, मग तारीख कळवतो. गुडघ्यांना जप.

आहे ती माया राहू दे.

तुझा,
दिवाकर


मनमाड,
२४ फेब्रुवारी २०२५

चि. दिवाकर यास,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. अरे, मुलगी बघायला जाणारेसुद्धा इतक्या खोड्या काढत नाहीत! खाली निखारे, वर जाळी, झाली शेगडी. तू कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालास, पण टूलरूम काही तुझ्यातून निवृत्त होत नाही. लहानपणी तुला दप्तर घ्यायला बाजारात नेलं होतं, तेव्हा तू दुकानदाराला शिवण उसवून दाखव म्हणाला होतास. आईने तिथेच तुझ्या पाठीत धपाटा घातला होता. आता तो घालायला मीच उरले आहे, आणि माझा हात मनमाडहून पोचत नाही.

आता चेष्टा पुरे. आपल्यात दुखवटा बहिणीने काढायचा असतो हे तुला ठाऊक आहे. सुतक फिटल्यावर तिने भावाच्या घरी यायचं, त्याची चूल आपल्या हाताने पेटवायची, तिखटामिठाचं करून सगळ्यांना पोटभर वाढायचं. तेव्हा कुठे ते घर पुन्हा हसाय-बोलायला मोकळं होतं. तुझा धवल जुलैत गेला. मी तीनदा पिशवी भरली. ऑगस्टमध्ये तू पावसाचं कारण दिलंस, दिवाळीच्या आधी घराच्या रंगाचं, आणि जानेवारीत माझ्या गुडघ्यांचं. गुडघे माझे, पण कुरकुर तुझीच जास्त! आता म्हणतोस शेगडी आल्यावर. माझं वय सत्तर आहे, एवढं लक्षात ठेवून काय ते पसंत कर.

दुसरं म्हणजे पिंपळगावहून चैतालीच्या वडिलांचा फोन आला होता. शाळा संपली की लेकीला आणि नातीला कायमचं घेऊन जायचं त्यांच्या मनात आहे. दिवाकररावांचं काय म्हणणं आहे, असं मलाच विचारत होते. मी काय सांगणार? तुझं म्हणणं तुला तरी माहीत आहे का? चैतालीशी बोल. इराला माझा पापा दे.

तुझ्यावर रागावले आहे, तरी माया कमी झालेली नाही.

ताई


नाशिक,
९ मार्च २०२५

ती. आत्याबाईंस,
चैतालीचा शि. सा. न.

तुम्हाला पत्र लिहायची माझी पहिलीच वेळ. बाबा तुम्हाला लिहितात हे बघून मलाही वाटलं, असंच बोलावं. घरात बोलणं राहिलेलंच नाही. बाबा वेळेवर उठतात, ताट पुढे आलं की जेवतात, छान झालंय म्हणतात आणि आपलं ताट आपण घासून ठेवतात. मीठ विसरले होते त्या दिवशीही छान झालंय म्हणाले. मी त्यांच्या डोळ्यांत कधी पाणी पाहिलेलं नाही. माझ्याही डोळ्यांत आता येत नाही. ह्यांचं नाव तर आठ महिन्यांत त्यांच्या तोंडून आलेलं नाही. कंपनीत चहाच्या सुट्टीत हे बाकावर बसले ते उठलेच नाहीत, एवढं बाबांनी पहिल्या दिवशी सगळ्यांना सांगितलं, त्यानंतर काही नाही.

गेल्या महिन्यात आमचं जे काही बोलणं झालं ते शेगडीबद्दल. गोल बरी की चौकोनी, झाकण हवं की नको. मीही उत्तरं देत बसते. तेवढाच आवाज.

माझ्या वडिलांनी पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाऊसच्या ऑफिसात माझ्यासाठी नोकरी बघितली आहे. १ मेला सामानाला टेम्पो पाठवतो म्हणतात. नोकरी मला हवी आहे, आत्याबाई. पण हे घर सोडून जायचं नाही. इराचा जन्म इथला, माझी नऊ वर्षं इथली. फक्त राहा असं कुणी म्हणायला हवं ना? बाबांनी एकदा जरी म्हटलं तरी मी टेम्पो परत पाठवीन. वडिलांनी हे बाबांच्या कानावर घातलं, तेव्हा बाबा म्हणाले, तुम्हाला योग्य वाटेल तसं करा. आणि मला विचारलं, बिडाची जाळी तुला जड होईल का.

हे बाबांना कळवू नका. मागून मिळालेलं मला नको आहे.

आपला हात डोक्यावर असू द्या.

आपली,
चैताली


मनमाड,
१७ मार्च २०२५

चि. दिवाकर यास,
अ. उ. आ.

आज चेष्टा नाही. चैतालीने मला एक गोष्ट विश्वासाने लिहिली आणि तुला सांगू नका म्हणाली. मी जन्मभर मुलांना दिलेला शब्द पाळायला शिकवलं, आणि आज तोच मोडते आहे. तिला जायचं नाही. तू राहा म्हणावंस, एवढीच तिची इच्छा आहे. १ मेला टेम्पो येणार आहे. नंतर तू कितीही भारी शेगडी आणलीस तरी तिच्याभोवती उभं राहायला कुणी नसेल.

तू वाईट नाहीस, मला माहीत आहे. आई गेली तेव्हाही तू महिनाभर विहिरीवरचा पंपच दुरुस्त करत होतास. मी तेव्हा गप्प बसले, आता बसणार नाही. दोन शब्द बोलायचे आहेत, दिवाकर. तेवढे बोल.

तुझीच,
ताई


नाशिक,
१ एप्रिल २०२५

ती. ताईस,
दिवाकरचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. परवा पाडवा झाला. वर्षाच्या आतलं म्हणून गुढी उभारली नाही. इराने शेजारच्यांच्या गुढीची साखरेची माळ खाल्ली.

शेगडीचा निर्णय झाला. दुकानातली कुठलीच मनासारखी नाही म्हणून सातपूरला मोतीरामकडे गेलो. हा आमच्या टूलरूममधला, आता स्वतःचं वर्कशॉप चालवतो. धवलची ड्रमची शेगडीही त्यानेच केली होती. आता चौकोनी पेटी करतो आहे, पत्रा सोळा गेज, हवेला दोन बाजूंनी सरकती झडप, राखेला खालून ओढायचा खण. जाळी बिडाची, दोन तुकड्यांत, म्हणजे उचलायला जड होणार नाही. पाय चौकोनी पाइपाचे, उंची चव्वेचाळीस इंच. उंची किती, असं मोतीरामने विचारलं आणि मी लगेच सांगितली. त्याने पुन्हा विचारलं, मी पुन्हा तीच सांगितली. मग त्याने लिहून घेतली.

कोळसा बाभळीचा घेतो आहे. नारळाच्या करवंटीच्या वड्या मिळतात, त्या जास्त वेळ जळतात, पण पेटायला उशीर लावतात. पेटवायला रॉकेल वापरायचं नाही, वास लागतो. पत्र्याच्या डब्याला तळाशी भोकं पाडून त्यात कोळसा पेटवून घ्यायचा आणि मग ओतायचा.

चैतालीबद्दल लिहिलंस ते वाचलं. तरी रात्री नेहमीसारखी झोप लागली. मला सगळं कळतं ताई, पण काही जाणवत नाही. पायाला मुंग्या आल्यावर पाय आपला वाटत नाही, तसं आहे. अशा तोंडाने तिला काय सांगू?

१३ तारखेच्या रविवारी शेगडी पेटवून बघणार आहे.

तुझी माया आहे, ती असू दे.

दिवाकर


नाशिक,
सोमवार, १४ एप्रिल २०२५

ती. ताईस,
दिवाकरचा सा. न. वि. वि.

काल संध्याकाळी शेगडी पेटवली. जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

मोतीराम स्वतः टेम्पोतून घेऊन आला. काम चोख. झडप बोटाने सरकते, खण अडकत नाही. मागच्या अंगणात ठेवली, कोळसा पेटवला, आच एकसारखी झाली. चैतालीने वांगी आणि कणसं तेल-मीठ लावून आणली. जाळीवर ठेवायला पुढे झाली, तर जाळी तिच्या छातीशी. हात वर करून तिने दोन वांगी ठेवली, धूर सरळ तोंडावर आला, तशी खोकत मागे सरली. मी चिमटा घेतला. मलाही खांदे उचलावे लागले. पलीकडचं कणीस पालटताना मनगट भाजलं. इराला तर खालून पत्राच दिसत होता.

मी खिशातून टेप काढली आणि मोजलं. चव्वेचाळीस. मोतीरामला म्हणालो, माप बरोबर आहे. त्याने मान खाली घालून खण ओढून बघितला. मी पुन्हा मोजलं. तेव्हा इरा म्हणाली की आजोबा, ही पप्पांच्या उंचीची झाली आहे.

ताई, मी बेचाळीस वर्षं मापं घेतली. एकदाही मी केलेला जॉब माप चुकलं म्हणून परत आला नाही. मोतीरामने विचारलं तेव्हा मी क्षणभरही विचार केला नव्हता. धवल शेजारी उभा राहिला की त्याचं कोपर माझ्या सदऱ्याच्या खिशावर यायचं. त्याच्याखाली चार बोटं सोडून मी उंची सांगून मोकळा झालो होतो. मोतीराम म्हणाला की त्याला त्याच दिवशी कळलं होतं, पण मला सांगायची हिंमत झाली नाही.

मी इराला म्हणालो, हो, ही धवलची झाली. एवढंच म्हणालो आणि माझं तोंड वाकडं व्हायला लागलं. मग मला आवरेना. आठ-नऊ महिन्यांचं सगळं एकदम आलं. अंगणात, मोतीरामच्या देखत, शेजाऱ्यांच्या देखत. वांगी जळून कोळसा झाली. त्याची शेगडी मी भंगारात दिली हेही इराला सांगितलं. ती रागावली. आज सकाळपर्यंत माझ्याशी बोलत नव्हती. बरोबरच आहे तिचं.

मोतीराम गेल्यावर चैताली ओट्याशी भांडी घासत होती. मी दारात उभा राहिलो आणि तिला म्हणालो की तू जाऊ नकोस. तुझं भलं कशात आहे ते तू बघ, वडिलांचंही ऐक, पण तुम्ही दोघी गेलात तर मला सहन होणार नाही. तिने वळून पाहिलं नाही. नळ चालूच होता. मला वाटलं, मी उशीर केला.

मग तिने नळ बंद केला. म्हणाली की नोकरी ती घेणार आहे. पिंपळगावला बसने जाईल आणि रोज संध्याकाळी घरी येईल. इराला शाळेतून आणायचं काम माझं. वडिलांना टेम्पो पाठवू नका म्हणून ती स्वतः सांगेल. मी बरं म्हणालो.

तिने पदराला हात पुसले, माझ्या हातातल्या टेपकडे बघितलं आणि भिंतीला पाठ लावून ताठ उभी राहिली. कोपर दुमडून म्हणाली, बाबा, माझं माप घ्या. अडतीस भरलं.

पाय कापायला उद्या मोतीरामकडे जातो आहे. तू इराच्या वाढदिवसाला, २६च्या शनिवारच्या गाडीने ये. मी स्टेशनवर येतो.

तुझ्या मायेचा,
दिवाकर