काकवीचे कान

काकवीच्या अण्णांना,

आज सकाळी दादाचा फोन आला. "सुमे, रविवारी अण्णांचं वर्षश्राद्ध हाय. सकाळच्या गाडीनं ये, आणि येताना शेंगाच्या पोळ्या करून आण. अण्णांना लई आवडायच्या." आवाज इतका गोड, की मला शिसारी आली. तुमच्या आवडीनिवडी त्याला आता आठवतात! एरवी मी तुमच्याशी मनातल्या मनात भांडते, आज मात्र कागद घेऊन बसले.

तुमचा दहावा आठवतो? तुम्ही आला होतात ना, म्हणून विचारते. पिंड ठेवून आम्ही लांब उभे होतो. कडुलिंबावर कावळे बसलेले, पण एकही खाली उतरेना. दादा म्हणाला, घर नीट ठेवतो. काका म्हणाले, भावंडांत भांडणं होणार नाहीत. कावळे ढिम्म! ऊन चढलं तसे काका वैतागले. "आरं, म्हाताऱ्याचा जीव त्या कुत्रीत अडकलाय. तिचं बोला की!" मग दादा हात जोडून पुढे झाला. "अण्णा, काकवीची काळजी करू नका. मी हाय की. घरातच ठेवतो, तुमच्यासारखं सांभाळतो."

लगेच कावळा शिवला. सगळे सुटल्यासारखे चपला शोधायला लागले.

इतकी कसली घाई झाली होती, अण्णा? तुमच्या चष्म्याची काडी बसवून आणतो म्हणून ज्यानं अख्खा उन्हाळा घालवला, त्याच्या शब्दावर शिवलात? भूक लागली होती का?

आणि काकवीला घरात आणलं तरी कुणी? त्यानंच. लेकीच्या वाढदिवसाला हौसेनं आणलेलं स्पॅनियलचं पिल्लू, लांब कानांचं, अगदी उसाच्या काकवीच्या रंगाचं, म्हणून नाव काकवी. चार दिवस फोटो काढून झाले. मग घरभर केस, ओले पाय, चावलेल्या चपला... आणि पिल्लाची रवानगी तुमच्या खोलीत. आई गेल्यावर तुम्ही बोलणंच सोडलं होतं. तिच्याशी मात्र बोलायला लागलात. भाकरी कुस्करताना, पेपर वाचताना, मे महिन्यात तिच्यासाठी फरशीवर ओला टॉवेल अंथरताना, सारखी आपली बडबड.

त्या कानांचं केवढं कौतुक आणि केवढा उपद्व्याप! पाणी प्यायला वाकली की कान पाण्यात, जेवायला वाकली की दूध-भाकरीत. तुम्ही जुना पायमोजा कापून तिला कानटोपी केली होती. ती घालून ती जेवायला बसली की समोरच्या काकू खिडकीतून हसायच्या. "अण्णा, सूनबाईला खरी सासू आता मिळाली बघा!" रविवारी सकाळी गॅलरीत पाट टाकून, कापूस आणि औषध घेऊन तुम्ही बसायचात. "लोंबते कान, आत वारं जात न्हाय. एक रविवार चुकला की सडायला लागतात," असं मला सांगायचात. मला! दादाला का नाही सांगितलं? एकदा तरी त्याच्या हातात कापूस द्यायचा होता.

दवाखान्यात मी तुमचा हात धरून म्हटलं होतं, काकवीला मी कुर्डुवाडीला नेते. तुमचे जावईही हो म्हणाले होते. तुम्ही काय म्हणालात? "लेकीच्या घरी आपलं ओझं टाकू नये, सुमन. दादा हाय की." माझ्या घरी पाणी पितानासुद्धा अवघडायचात तुम्ही. त्या रीतीपायी तुमचा जीव की प्राण असलेली कुत्री, ज्याला ती नकोच होती, त्याच्या गळ्यात बांधलीत. मुलगा तो मुलगा, नाही का?

तेरावं झालं आणि काकवी जिन्याखाली गेली. कानांना वास येतो, वहिनी म्हणाली. येणारच! कापूस कुणी लावला होता? मग तिला दादाच्या मित्राच्या शेतावर, केम गावाकडे, पाठवून दिलं. मला फोनवर "मजेत हाय" एवढंच. दिवाळीत माहेरी आले तर जिन्याखाली नुसती साखळी. "अगं, मोकळ्या रानात हाय ती," दादा चिवडा खात म्हणाला.

मोकळं रान! मी आणि तुमचे जावई शेतावर गेलो तेव्हा ती कडब्याच्या गंजीमागे दोरीला बांधलेली होती. कानांच्या केसांत गोखरू, गोचिडी, आणि आत किडे. तिथला राखणदार सांगत होता, "ताई, ही भुंकत न्हाय का काय न्हाय. नुस्ती रस्त्याकडं बघत बसती. राखणीला काय कामाची?" मी तिला उचललं आणि कुणाला न विचारता घेऊन आले. गाडीत ती माझ्या मांडीवर कण्हत होती, आणि मी दादाला, तुम्हाला, त्या मेल्या कावळ्याला शिव्या घालत होते.

कानांवर उपचार व्हायला उशीर झाला, असं डॉक्टर म्हणाले. तिला आता ऐकू येत नाही, अण्णा. तुमच्यासारखी "काकू, ए काकू" अशी हाक मारते, ती झोपलेलीच. दादाला सांगितलं, तर म्हणतो, "म्हातारी झाली की कुत्री बहिरी होतातच." म्हातारी? ती अजून चेंडूमागं धावते!

रविवारी दादा पान वाढून हात जोडेल. मागच्यासारखे चटकन शिवू नका. यंदा त्याला उन्हात उभं राहू द्या. काय राहून गेलंय, ते त्याचं त्यालाच आठवू दे. मी येणार नाही. तुमच्या पोळ्या इथंच करीन. रविवार आहे, काकवीचे कान साफ करायचेत. ऐकू येत नसलं, तरी दुखतात की.

कावळ्याला साक्षी न ठेवता सांगते, अण्णा, ती आहे तोवर तिचा एकही रविवार मी चुकू देणार नाही. आणि लेकीच्या घरी तिचं ओझं झालेलं नाही, एवढं कळवते.

तुमची, दुसऱ्या घरी दिलेली,
सुमन