चाळीस मिलिसेकंद

२ फेब्रुवारी

आज परत तेच. आमच्या ऑनलाइन कबड्डीत चढाई करणारा शहरातला, पकडणारा बिद्री गावातला — पकडणारा हरला. बाजू बदलून खेळले, तरी बिद्रीचाच हरला. दिवसभरात अशा एकवीस तक्रारी. सगळ्या गावाकडच्या.

कारण मला माहीत आहे. सर्व्हर मी लिहिलाय. दोघांच्या फोनवरनं हालचाली येतात, ज्याची आधी पोचली तो खरा. गावात रेंज कमी, म्हणून निरोप उशिरा पोचतो. हात आधी पडला तरी पकड नंतरची धरली जाते. खेळणाऱ्याची चूक नाही. माझी आहे.

३ फेब्रुवारी

कंपनी सौमित्रदादाची. आम्ही सगळे मिळून तिघं. तो म्हणाला, "नेट स्लो असणाऱ्यांना स्पर्धेत घ्यायचंच नको. एक मार्चला फायनल हाय, आता कशाला उकरतीस?" शांतपणे म्हणाला, म्हणून जास्त लागलं. मी म्हटलं, कबड्डी खेळतं कोण? त्यांनाच बाहेर ठेवून स्पर्धा कुणाची घेतोस?

त्यानं कॅलेंडर पुढं ओढलं. मग — "दोन आठवडे. न्हाय जमलं तर माझं ऐकायचं."

४ फेब्रुवारी

कॉम्प्युटर बंद ठेवून वहीवर मांडत बसले. सर्व्हरनं गेलेलं एक सेकंद लक्षात ठेवायचं. निरोप आला की तो वाटेत किती रखडला ते बघायचं, तेवढं मागं जायचं, आणि त्या क्षणी खेळणाऱ्याला समोर काय दिसत होतं त्यावर निकाल द्यायचा. लिहायला चार ओळी.

८ फेब्रुवारी

जमत नाही.

११ फेब्रुवारी

आज चढाई करणारा मधली रेषा ओलांडून घरी गेला, गुण घेतला, आणि मग सर्व्हर मागं गेल्यामुळं उलटा ओढला जाऊन परत पकडणाऱ्याच्या हातात आला! फोनवर दिसतं ते सगळं दिलदारचं काम. तो खुर्चीवर हसून आडवा. "ताई, ह्याला बाहेरचं काहीतरी लागलंय." मीही हसले. आठ दिवसांत पहिल्यांदा.

१५ फेब्रुवारी

दिलदार सकाळच्या एसटीनं कोडोलीला गेला, मुद्दाम कमी रेंजच्या गावी. मी इथं शहरात, राजारामपुरीतल्या ऑफिसात. नव्या सर्व्हरवर पन्नास चढाया खेळलो. जुन्या सर्व्हरवर तेवढ्याच चढायांत त्यानं मला चारदा धरलं होतं. आज चोवीसदा. फोनवर म्हणाला, "ताई, आता मी हरलो तर ते माझ्यामुळं हरतोय. लई बरं वाटतंय."

खुर्चीतनं उठून गॅलरीत गेले. उगीचच. एका जागी बसवेना.

१६ फेब्रुवारी

आईनं विचारलं, "एवढं काय केलंस ग?" म्हटलं, कोडोलीचा माणूस आणि राजारामपुरीचा माणूस एका मैदानावर आणले. "मैदान कुठं हाय मग?" मुंबईत, एका भाड्याच्या मशीनवर. "म्हणजे तिथं कोणच न्हाय?" कोणच नाही.

पटलं नसावं. तरी संध्याकाळी शेजारच्या संयोगिताकाकूंना सांगत होती, "आमच्या भैरवीनं मैदान केलंय." आत भाजी चिरत मी ऐकत होते. दुरुस्त केलं नाही.

२४ फेब्रुवारी

फायनल ठरली. इथल्याच ताराबाई पार्कातली ऋता, कॉलेजात आहे. आणि कोडोलीची मेहमुदा, घरी शिलाईकाम करते. सौमित्रदादा म्हणाला, दोघींना इथं बोलवू, एकाच वायफायवर खेळवू, धोका नको. मी नको म्हटलं. जिथनं खेळत इथवर आल्या तिथनंच खेळू दे. नाहीतर माझ्या सर्व्हरचा उपयोग काय?

जाहिरातीत तेच घातलं — गाव कुठलंही असो, मैदान एकच.

१ मार्च, रविवार

अकरा हजार लोक बघत होते. सर्व्हर एकदाही अडखळला नाही. शेवटच्या चढाईपर्यंत एकतीस-एकतीस. चढाई ऋताची. मेहमुदानं रेषेच्या तोंडावर पाय धरला, पण निकाल आला — पकड उशिरा. ऋता जिंकली.

एकही तक्रार नाही! सौमित्रदादानं जवळ येऊन हात मिळवला. "तुझं बरोबर होतं." एवढंच. मला एवढंच पाहिजे होतं.

३ मार्च

फायनलची सर्व्हरनं ठेवलेली नोंद आज सावकाश वाचत होते. कामासाठी नाही, सुखासाठी.

शेवटच्या चढाईशी अडले. निरोपाला वाटेत किती वेळ लागतो हे माझा सर्व्हर दर दोन सेकंदांनी मोजतो. त्या दोन सेकंदांच्या मधे मेहमुदाची रेंज एकदम पडली. सर्व्हर जुनाच आकडा धरून बसला. मागं गेला, पण कमी गेला. चाळीस मिलिसेकंद कमी. पापणी लवायलाही ह्याहून जास्त वेळ लागतो.

तिनं वेळेत धरलं होतं. ती जिंकली होती.

तीनदा तपासलं. दिलदारला दाखवलं. हळूच म्हणाला, "कुणाला कळणार न्हाय, ताई." म्हटलं, मला कळलंय. सौमित्रदादानं सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला. "सांगायचं तर आजच सांग. खाली माझंपण नाव घाल."

दुपारी जाहीर केलं. चूक आमची, विजेती मेहमुदा. त्याआधी ऋताला फोन केला. रडली. मग तिनं विचारलं, "पण मी काही चुकीचं केलं नाही ना?" नाही ग. तू काहीच नाही.

मेहमुदाचा फोन दिवसभर बंद.

४ मार्च

लागला फोन. मागं शिलाई मशीन चालू होतं, ते थांबलं. सगळं सांगितलं. मग विचारलं, त्या दिवशी तक्रार का नाही केलीस?

म्हणाली, "धरलंय हे मला तवाच कळलं हुतं, ताई. पण तुमचा सर्व्हर न्हाय म्हणला. त्यो आमच्यासारख्यांसाठीच केलाय म्हणत हुते सगळे — मग मला वाटलं, माझंच चुकलं असंल."