नळी कुणी काढली

गुरु. १३ नोव्हें. ८६, मुलुंड
अपेंडिक्स आतच फुटलेलं, म्हणून पोट चिरल्यावर जखमेत रबरी नळी ठेवलीय, घाण बाहेर यायला. आत घसरू नये म्हणून तोंडाशी सेफ्टी पिन. मेली टोचते. कूस बदलायची सोय नाही. लग्नसराई सुरू झाली, माझे लाऊडस्पीकर मुलुंडभर बोंबलतायत आणि मालक इथं पोट उघडं टाकून पडलाय.

सकाळी मोठे डॉक्टर (मो.डॉ.) आले. म्हणजे आधी अत्तर आलं, मागून ते. सिस्टर परबला म्हणाले, "रोज एक इंच कमी करा." मला म्हणाले, "शनिवारी मी येऊन काढतो." तेही पाठ फिरवून.

शुक्र. १४
परब वेंगुर्ल्याची. आमच्याच बाजूची, तोंडही तसलंच. नळी इंचभर ओढली, पिन कातडीपाशी नव्यानं लावली, वरचं टोक कापलं. कळलंसुद्धा नाही. म्हटलं, "एवढं येतं तर आजच काढून टाक गं."
"कमी करूची माका परवानगी आसा. काढूची नाय."

दुपारी पार्टिशनपलीकडे मॅट्रन कुणाला तरी सांगत होती. मागे एका सिस्टरनं अशीच नळी काढली, मो.डॉ.नी दुसऱ्या दिवशी तिला घरी बसवलं. परबच्या नवऱ्याची गिरणी बंद, घर हिच्यावर. तिनं काढायची नाही, बरोबर. पण रोज कमी करत गेल्यावर शेवटी काय होतं, हे या शहाण्यांना कुणी...

शनि. १५
मो.डॉ. नाहीत. मढला, समुद्राकाठच्या बंगल्यावर. फोन लागत नाही.
इथं चोवीस तास असतो तो छोटा डॉक्टर (छो.डॉ.). त्याला काढायची परवानगी आहे. आला, वाकून बघितलं, घाम पुसला. "सोमवारपर्यंत राहू द्या ना काका, घाई काय आहे?" याच्यापेक्षा माझा वायरमन बरा, एकदा शॉक बसला तरी दुसऱ्यांदा हात घालतो.
परबनं आपला रोजचा इंच कमी केला.

रवि. १६
झालं! परबनं आजचा इंच ओढला आणि नळीच संपली. अख्खी तिच्या हातात. आम्ही दोघं एकमेकांकडे बघतोय. मग तिनं गुपचूप ड्रेसिंग केलं, झकास.
छो.डॉ. धावत आला. "सिस्टर, परत घालू या का?"
"हात लावून बघ, मग दाखवतंय."
पळाला.

मागोमाग मॅट्रन, आवाजात साखर. "धुरीकाका, तुम्ही म्हणा ना, झोपेत माझ्याच हातानं निघाली." म्हणजे इथं नळी काढायची मोकळीक एकालाच, पेशंटला! मी काय येडा दिसतो? पण परबची नोकरी. हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

सोम. १७
मो.डॉ. आले. पट्टी उचलली. "छान. जखम कोरडी आहे. कुणी काढली?"
मॅट्रन माझ्याकडे बघतेय, परब तोंड उघडतेय. मी आधी बोललो, "डॉक्टरसाहेब, तुम्हीच नाही का काढलीत? शनिवारी?"
कपाळाला आठी. मग, "हो, हो. बरोबर." आणि पुढच्या खाटेकडे!
मढला होतास रे तू! शनिवारी आपण कुठं होतो ते याला ठाऊक नाही, आणि लोक याच्या हाती पोट देतात. मीही दिलं.

हसू दाबताना टाके दुखले. परब हसली नाही. सगळे गेल्यावर माझ्या अंगावर आली.
"माझा काम तेच्या नावावर कित्याक चढवलात?"
"नोकरी वाचली ना तुझी."
"आणि फुडच्या आयतवारी? परत ह्योच तमाशो? तेनीच सांगलेलो इंच मी काढलंय. सांगतंय तेका जाऊन."
"अगं, थांब..."
गेली तरातरा.

मंगळ. १८
डिस्चार्ज. परब दिसली नाही. मॅट्रन म्हणते, रजेवर आहे. छो.डॉ. म्हणतो, ड्यूटी बदललीय. दोघांपैकी एकालाच विचारलं असतं तर विश्वास बसला असता.
मो.डॉ. वर केबिनमध्ये आहेत. बिझी, म्हणे.
सौ. म्हणते, टॅक्सी कधीची उभी आहे. राहू दे उभी, आधी वर जाऊन येतो.