शेजारच्या दोन लहरी

मांडवी, रत्नागिरी
१९ जानेवारी २०२५

चि. सानिका,

आशीर्वाद, आणि सोबत थोडा राग. इथे सगळं ठीक आहे. अक्षर वाकडं दिसेल; पेन भिकार आहे.

गुरुवारी तुझ्या पीएचडीच्या तोंडी परीक्षेला मी शेवटच्या रांगेत बसले होते. ते टायवाले परीक्षक म्हणाले, "अर्धी जागा वाया घालवणारी ही पद्धत घेणार कोण?" वर हसले. आमच्या कॉन्व्हेंटात असं हसणाऱ्या मुलीला सिस्टर वर्गाबाहेर उभं करायच्या. तू मात्र शांतपणे म्हणालीस, "सर, माहिती अर्धीच जाईल, पण धावत्या गाडीतही समजेल अशी जाईल." मी टाळी वाजवली. लोक वळून बघायला लागले. बघोत.

त्या गृहस्थाला सावर्ड्याच्या हायवेवर न्यायला हवं होतं. तुझ्या त्या मित्राच्या, हर्षदच्या जीपमध्ये तुझ्या यंत्राची एक पेटी, दुसरी टेकाडावर, आणि पाठवायला फोटो कुणाचा, तर माझा! जीप उभी होती तोवर मी स्वच्छ आले. हर्षदने वेग घेतला आणि माझ्या तोंडावर देवी आल्यासारखे ठिपके. तू म्हणालीस, "आत्ये, फोटो शेकडो बारीक लहरींवर वाटून जातो. गाडी धावली की प्रत्येक लहर जागेवरून जराशी सरकते आणि शेजारणीच्या अंगणात सांडते." मग तू तीच माहिती शेजारच्या दोन लहरींवर घातलीस, एकीवर सुलट, दुसरीवर उलट. पलीकडच्या पेटीने एकीतून दुसरी वजा केली, तसं दोघींचं सांडणं एकमेकींतच जिरलं आणि फोटो तेवढा उरला. तीच जीप, तोच वेग, आणि मी आले, कपाळावरच्या आठीसकट! हर्षद म्हणाला, "आता खरी आत्या दिसली!" त्याला मी चापट मारली खरी, पण तुझ्याकडे बघून ऊर भरून आला होता.

आणि अशी मुलगी फिनलंडची नोकरी नाकारते! दादाने काल फोनवर सांगितलं. कारण काय, तर "आत्या एकटी आहे." मला निमित्त करायची परवानगी तुला कोणी दिली? मी एकटी आहे, पांगळी नाही.

आता पेनाबद्दल. पेन चांगलं आहे. शुक्रवारी मागीलदारच्या ओल्या पायरीवरून घसरले. उजवं मनगट प्लास्टरमध्ये आहे. सिस्टरांनी पट्टीने मारमारून सोडवलेला डावा हात साठ वर्षांनी पुन्हा कामाला लावलाय. शेजारची सगुणा रोज येऊन वेणी घालून देते आणि वर टोमणा मारते, "बाय माझे, एवढा तोरा कशाला? पोरीला कळव!" कळवणार नव्हते. पण तिकडे गेल्यावर तुला दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं, तर माझ्या कुठल्याच शब्दावर तुझा विश्वास उरला नसता. हाड जुळेल, असं डॉक्टर म्हणतात. तुझी ती जागा मात्र कोणी राखून ठेवणार नाही. पत्र वाचताच होकार कळव.

या घरात तुझ्याशिवाय मला कोणी उलट बोलत नाही, याची सवय करावी लागेल. करीन.

शेवटी शेजारी शेजारी दोन वाक्यं लिहिते. तू जावंस. तू जाऊ नयेस. एक सुलट, एक उलट. दोन्हींतून सांडलेलं वजा करायला तुला शिकवायला नको. उरेल तो निरोप एकच आहे, मायेचा, आणि तो मला उजव्या हाताने कधी लिहिता आला नव्हता.

तुझी,
डावखुरी आत्या