आत्याकडचे सांधे

सोमवार, ४

पोचलो एकदाचा! आत्याने दारातच गालगुच्चा घेतला. आई गेल्यावर हिनेच मला लहानाचं मोठं केलं. प्लगात चिमटा घातला त्या दिवसापासून मी हिचा ‘ठिणग्या’. पुढे वीजवाला झालो, म्हणजे नाव राखलं म्हणायचं.

फोनवर म्हणाली होती की सांधे आखडलेत, येऊन मोकळे कर. मी म्हटलं, आतोबांना डॉक्टरला दाखव, मी वीजवाला आहे. तशी खो-खो हसली. म्हणाली की अरे वेड्या, गाडीचे सांधे!

आतोबांची छोटी रेल्वे म्हणजे तळघरभर पसरलेलं टेबल. डोंगर, बोगदे, स्टेशनं, मोहरीएवढे प्रवासी. एका रुळाचे जिथे दोन होतात तो सांधा, आणि रूळ इकडून तिकडे सरकवायला त्याच्याखाली एक मोटर. हे सगळं मांडणारे आतोबा मात्र वरच्या खोलीत अंथरुणाला खिळलेत. आजाराने अंगाचं लाकूड झालंय, हलतात ते फक्त डोळे. मी पाया पडलो, तर माझ्याकडे बघेनात. ओशाळले असतील बिचारे.

मंगळवार, ५

दिवसभर टेबलाखाली उताणा. जुन्या वायरिंगचा असा गुंता की करणाऱ्याला साष्टांग नमस्कार घालावा. त्यात बटणं साधी, दाबली की चालूच राहणारी! सांध्याच्या मोटरला टिचकीएवढा झटका पुरतो. वीज जास्त वेळ राहिली की आतली गुंडाळी जळालीच. म्हणून सगळीकडे दाबून सोडायची बटणं लावतोय.

आत्या शेजारी स्टूल टाकून बसली होती. सरळ रुळाची तार कोणती, वळणाची कोणती, सोल्डरिंग कसं करायचं, सगळं खोदून खोदून विचारलं. मीही मास्तर होऊन शिकवलं. या वयात केवढी हौस!

संध्याकाळी पहिला सांधा खट् करून सरकला. त्याच वेळी वर आतोबांची बोटं हलली म्हणे. आत्या आनंदाने रडली. मी म्हटलं, बघ, हाताला गुण आहे माझ्या.

गुरुवार, ७

काम झपाट्याने चाललंय. आतोबा आता मान वळवतात, डाव्या हाताने पेला धरतात. डॉक्टर चाट पडले.

माझी मात्र डाव्या हाताची बोटं आखडलीत. मानही धरलीय. टेबलाखाली वाकडंतिकडं पडून दुसरं काय होणार? आत्याने गरम पाण्याने शेकून दिलं, अगदी लहानपणी द्यायची तसं. बरं वाटलं. मान काही सुटली नाही.

शुक्रवार, ८

सकाळी बोगद्याजवळचा सांधा जोडला. बटण दाबलं. खट्. माझा गुडघा जागीच थिजला. वरून आत्या ओरडली की अरे, यांनी पाय खाली सोडला!

योगायोग म्हणावा तर —

दुपारी म्हटलं, शेंडी तुटो की पारंबी. त्याच सांध्याच्या दोन तारा उलट्या जोडल्या. नवशिक्यांची चूक आहे ही, सरळ दाबलं की गाडी वळणावर जाते. मी मुद्दाम केली. खट्. गुडघा सुटला! आणि वर आतोबा धप्पकन पडल्याचा आवाज.

आत्या धावत खाली आली. काय झालं म्हणून विचारलंसुद्धा नाही. थेट टेबलाखाली शिरली आणि मी शिकवलं होतं तस्संच करून तारा पुन्हा पालटल्या.

खट्. मी कोसळलो.

शनिवार, ९

तिला ठाऊक होतं. फोन केला तेव्हाच ठाऊक होतं.

रात्रभर तिने एकेक सांधा जोडला, दर खट्सरशी माझं अंग थिजत गेलं. आता पलंगावर मी आहे. आतोबांनीच डाव्या खांद्यावर टाकून आणलं, उजवा हात सोडला तर चांगले दणकट झालेत. फोन त्यांच्या खिशात. उजवा हात आणि तोंड एवढंच माझं उरलंय.

मी विचारलं, का गं? ती माझे केस विंचरत म्हणाली की यांच्याशिवाय मला कोण आहे? केस विंचरता विंचरता केसानेच गळा कापला.

मग मी कोण होतो? पोटच्या पोरासारखा, असं सांगायची सगळ्यांना. त्यातलं ‘सारखा’ मला कधी ऐकूच आलं नाही.

फार लागलंय. गुडघ्यापेक्षा हे जास्त —

रविवार, १०

आत्या खाली आहे. शेवटून दुसरा सांधा, उजवा हात. स्वतः जोडतेय.

अडलीय. तारांचे रंग पुसलेत, कुठली कोणती कळत नाहीये —

जिन्यातून विचारतेय. ठिणग्या, वळणाची डावीकडची ना रे? सांग ना राजा —

डावीकडचीच आहे. उजवीकडची सांगितली तर हात तरी वाचेल. एक शब्द. फक्त एक खोटा —

पुन्हा हाक. त्याच आवाजात, शाळेतून आल्यावर मारायची तशी —

हो म्हणालो. तोंडातून निघून गेलं. हो आत्या, डावीकडचीच —

शहाणं गं माझं बाळ, म्हणाली. आता ती बट