टिपकागदावर तेलाचे दोन थेंब

दि. ९ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल, असं लिहून पत्र सुरू करायची शिस्त आईने लावली म्हणून लिहिते. देवाची कृपा आहे. तुझी नाही.

चार महिन्यांपूर्वी तू तुझी जुनी गाडी आमच्या दारात आणून लावलीस, किल्ली ह्यांच्या हातात दिलीस आणि म्हणालास की हिला क्लच नाही, गिअर आपोआप पडतात, डाव्या पायाला कामच नाही. त्या दिवशी मी तुझ्या नावाने देवापुढे दिवा लावला होता. तेल वाया गेलं.

दादा, इंजिन चालतं पण गाडी चालत नाही. हे अ‍ॅक्सिलरेटर दाबतात, इंजिन घसा फुटेस्तोवर ओरडतं, आणि गाडी रुसल्यासारखी जागच्या जागी. मग तीन-चार श्वासांनी असा गचका देते की मान मोडावी. काल चौकात मागच्या ट्रकवाल्याने भोंगा वाजवून कान किटवले आणि डोकं बाहेर काढून ह्यांना नको ते बोलला.

अपघातात डावा पाय गुडघ्याखाली गेल्यावर हे अकरा महिने खिडकीशी बसून होते, ते तू पाहिलंस. टेकडीवरच्या जलशुद्धीकरण केंद्राने त्यांची पाणी तपासायची जागा राखून ठेवली. पण तिथवर बस जात नाही, आणि मला पोचवा असं हे जन्मात कुणाला म्हणायचे नाहीत. ही गाडी गेली की हे परत खिडकीशी. मला गाडीचं लोणचं घालायचं नाहीये, मला ती खिडकी नकोय.

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने बॉनेटसुद्धा धड उघडलं नाही. गिअरबॉक्स संपला, भंगारात घाला, म्हणाला. वर ह्यांच्या पायाकडे बघून म्हणतो की साहेब, एका पायाने गाडी चालवल्यावर आणखी काय होणार. ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ह्यांना मात्र ते पटलंय, हे जास्त वाईट.

आता सरळ विचारते. गाडीत खोट आहे हे तुला ठाऊक होतं का? ठाऊक असून सख्ख्या बहिणीच्या गळ्यात मारलीस का? वहिनींना नमस्कार, त्यांच्यावर राग नाही. लोभ शिल्लक असला तर राहू दे.

तुझी,
धाकटी


दि. १६ फेब्रुवारी

चि. सौ. लवंगीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचताना चष्म्याला तडा जातो की काय असं वाटलं. तुझी वहिनी म्हणाली, आधी पाणी प्या, मग लिहायला बसा. दोन तांबे प्यालो. राग आहे तिथेच आहे.

बसच्या वर्कशॉपात तीस वर्षं इंजिनं उघडण्यात घालवलेला माणूस मी, बहिणीला खटारा देईन? सात वर्षं ती माझ्याकडे होती. सात वर्षांत त्या गिअरबॉक्सला मला बोटसुद्धा लावावं लागलं नाही, इतका तो निरोगी. भंगारात घाला म्हणणाऱ्याला विचार, तेल तरी बघितलंस का?

त्याने बघितलं नसेल तर मी इथून बघतो. गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी वेगळी असते, इंजिनाच्या मागे, लाल मुठीची. गाडी सपाट जागी, गिअरचा दांडा पार्किंगवर, इंजिन तापलेलं आणि चालू. पदर नीट खोच, पंखा फिरत असतो. पट्टी ओढ, पूस, परत घाल, परत ओढ. तेल कुठल्या खुणेला येतं आणि लाल आहे का ते बघ. मग टिपकागदावर दोन थेंब टेकव आणि तो कागद पत्रात घालून पाठव.

आणि तू कोथिंबिरीची जुडी आणलीस तरी वहीत लिहितेस ना, तर आठवडाभर गाडीचं लिही. कधी अडते, थंड असताना की तापल्यावर, जाताना की येताना. जावईबुवांना त्रास देऊ नकोस, आधीच बिचारे मनाला लावून घेतात.

आशीर्वाद आहेतच, तू मागितले नाहीस तरी.

दादा


दि. २८ फेब्रुवारी

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

कागद सोबत आहे. पाकीट फोडताना जपून, शेजारच्या पानाला डाग पडलाय.

सगळं ह्यांच्या नकळत केलं. संध्याकाळी घरी आले की हे कृत्रिम पाय काढून पुढच्या खोलीत रेडिओ ऐकतात. तेवढ्यात किल्ली घेऊन खाली गेले. तेल दोन खुणांच्या मध्ये आहे, कमी नाही. पण तू लाल म्हणालास ते कुठाय? काढ्यासारखं काळपट आहे. वास कुकरचं रबर जळावं तसा. चार वेळा साबण लावला तरी बोटांना येत होता, तशाच हाताने देवाची फुलं कशी घेणार? जेवताना हे आपणहून गाडीचं जे सांगतात ते सगळं वहीत लिहिलंय, त्याचं सार लिहिते.

सकाळी टेकडी चढताना गाडी एकदाही अडली नाही. संध्याकाळी टेकडी उतरून सपाट रस्त्याला लागली की रोज अडते, रोज ओरडते. बुधवारी हे टेकडीवर गेलेच नाहीत, पायाचं माप द्यायला शहराच्या दुसऱ्या टोकाला गेले. सपाट रस्ता, तासभर जायला, तासभर यायला, गाडी चांगली तापलेली. त्या दिवशी कुरकुर नाही.

पण आता लिहायला काही उरलं नाही. परवा गाडी भर रस्त्यात थांबली, लोकांनी ढकलून कडेला घेतली, निवल्यावर कशीबशी दारात आली. ह्यांनी रजेचा अर्ज दिलाय आणि खुर्ची खिडकीपाशी नेलीय. मी पोथी वाचते आणि अर्थ कळत नाही. तुझं निदान जरा लवकर येऊ दे, नाहीतर मला जे वाटतंय तेच खरं धरीन.

तुझी,
धाकटी


दि. ५ मार्च

चि. सौ. लवंगीस, आशीर्वाद.

घाईत लिहितो. चांगलं तेल टिपकागदावर गुलाबी पसरतं. तुझं मधोमध काळं बसलंय. तेल करपलंय, आतल्या प्लेटा एकमेकींना धरत नाहीत, घसरतात. गाडी अडते ती त्यामुळे. पण तुझ्या वहीतलं मला पचत नाही. चढावर गाडीला कष्ट, तिथे ती ठणठणीत. उतारावर आराम, आणि आरामानंतर आजारी! सगळं उलटं आहे. उतारावर जावईबुवा नेमकं करतात काय? उलट टपालाने कळव.

दादा


दि. ९ मार्च

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

करतात काय म्हणजे? काटकसर करतात. आणि ती मी शिकवली.

तो उतार सहा किलोमीटरचा आहे. उतार लागला की दांडा न्यूट्रलला टाकायचा, इंजिन बंद करायचं आणि गाडी सोडून द्यायची. खाली आलं की परत चालू. पहिल्या आठवड्यापासूनचा नेम आहे. ह्यांनी एकदा विचारलं होतं की हिला चालेल का, तेव्हा मी सांगितलं की बाबांनी स्कूटरवर जन्मभर हेच केलं. देवाने उतार फुकट दिलाय, तर पेट्रोल कशाला जाळायचं?

यात काही चुकलं असेल तर दाखव. नसेल तर तुझी गाडी खोटी होती हे एकदाचं कबूल कर, म्हणजे मीही मोकळी आणि तूही.

तुझी,
धाकटी


दि. १४ मार्च

लवंगी,

आज मायना नाही.

गिअरबॉक्समधला तेलाचा पंप इंजिनावर फिरतो. इंजिन बंद केलंस की पंप बंद. पण चाकं फिरताहेत, म्हणजे आतली चक्रं फिरताहेत, सहा किलोमीटर, कोरडी, रोज. बाबांच्या स्कूटरला हे चाललं, हिला चालत नाही. दुसऱ्या कुणाची असती तर महिन्यात बसली असती.

पण गाडी गेली चुलीत. इंजिन बंद झालं की ब्रेकचं बळही जातं, एक-दोनदा दाबला की दगड होतो. स्टिअरिंग जड होतं. अशा गाडीत तू त्या माणसाला रोज टेकडीवरून खाली सोडत होतीस! पेट्रोलसाठी! आणि वर मला विचारतेस की मी काय गळ्यात मारलं. तुझ्या नेमांना काही हिशेब आहे की नाही? देवाने त्यांना चार महिने सुखरूप खाली आणलं, त्याच्यापुढे नाक घास.

मग उठ आणि जावईबुवांना सांग की तुमच्या पायाचा काडीचा दोष नव्हता. आजच सांग. महिनाअखेर मी माझी हत्यारं घेऊन येतो आणि गिअरबॉक्स उतरवतो. तोवर त्यांना गाडीला हात लावू देऊ नकोस.

दादा


दि. २० मार्च

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. देवापुढे बसले, पण जप होईना. तिथे बसून कितीही नाक घासलं तरी सांगायचं होतं ते ह्यांना, म्हणून उठले.

सांगितलं. वाटलं होतं की हे म्हणतील, जाऊ दे, तुला काय माहीत. गेली दीड वर्षं ते प्रत्येक गोष्टीला हेच म्हणतात. ह्या वेळी नाही म्हणाले. तुझी सगळी पत्रं मागितली, एक एक करून वाचली. मग पाय चढवला आणि बाहेर पडताना दार इतक्या जोरात ओढलं की कडी निखळली. दुसऱ्या दिवशी गाडी नाहीशी. आता हे सकाळी आठला जातात, अंधार पडायच्या आत येतात, जेवतात, झोपतात. कुठे जाता विचारलं तर रेडिओ मोठा करतात. अपघात झाला तेव्हासुद्धा हे कुणावर रागावले नव्हते, दादा. मला हे रूप ठाऊक नाही.

तुला फसवा म्हटलं ते मागे घेते. दुसरं काय लिहू? लवकर ये.

तुझी,
धाकटी


दि. २४ मार्च

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

तुमची पत्रं वाचली. अक्षर उत्तम आहे. वाचून संताप आला, तो अजून गेलेला नाही, म्हणून उरलेला टपालाने पाठवतो.

दीड महिना तुम्ही दोघं माझी गाडी, माझा पाय आणि माझं मन यांची तपासणी करत होतात. मी घरातच होतो. मला एकानेही एक प्रश्न विचारला नाही. त्या संध्याकाळी खाली इंजिन कुणी सुरू केलं ते मला ऐकू आलं होतं. पाय गेलाय, कान आहेत.

विचारलं असतं तर सांगितलं असतं की उतारावर ब्रेक रोज दगड व्हायचा. रोज घामाने शर्ट भिजायचा. मला वाटायचं, माझ्याच अंगात जोर उरला नाही, म्हणून कुणापाशी बोललो नाही. दादा, तुम्हाला हे एका वाक्यात कळलं असतं. मी पाणी तपासतो. विहिरीचं पाणी बघायचं असलं की मी विहिरीपाशी जातो, शेजाऱ्याला पत्र लिहीत नाही.

गाडी मी ट्रकवर चढवून नदीपलीकडच्या वर्कशॉपात नेली. हिला दोरीने ओढत न्यायचं नसतं, हे तिथल्या बाईने फोनवरच सांगितलं. ती फक्त असले गिअरबॉक्स उघडते. दोन बस बदलून मी रोज जातो आणि स्टुलावर बसून बघतो. प्लेटा जळून कोळसा झाल्या होत्या, ती आमची चार महिन्यांची काटकसर. तेलाचा फिल्टर गाळाने गच्च बसला होता, ती तुमची सात वर्षं. तेल बदलायचं असतं, दादा. बोटसुद्धा लावलं नाही असं अभिमानाने लिहायचं नसतं. प्लेटा नव्या, फिल्टर नवा, तेल नवं, की गाडी रस्त्यावर. भंगार वगैरे काही नाही. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यालाही हे जाऊन सांगितलं. आणखी काय बोललो ते तुमच्या बहिणीच्या कानावर घालण्याजोगं नाही.

तिच्याशी मी आज बोललो. म्हणजे ओरडलो. बराच वेळ. तीही ओरडली. शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. मग आम्ही दोघं जेवलो.

महिनाअखेर जरूर या, वहिनींना आणा. हत्यारं आणू नका. सोमवारपासून मी कामावर रुजू होतोय, तुम्हाला टेकडीवर नेईन आणि परत आणीन, इंजिन चालू ठेवून. लोभ असावा, पण यापुढे तो मला विचारून असावा.

आपला,
गाडी चालवणारा